भाई गणपतराव देशमुख : लोक परत परत विचारतात ते प्रश्न

गणपतराव देशमुखांचा, म्हणजे आबासाहेबांचा, विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. विचारणारे अर्धे एमपीएससीवाले असतात, काही सांगोल्याचे पण पुण्यात नोकरीला असलेले, आणि काहींचं घरात कुणाशी तरी भांडण चालू असतं की "दहा वेळा आमदार की अकरा वेळा". म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय. प्रश्न लोकांचेच आहेत, मी फक्त शुद्धलेखन जरा नीट केलंय.

१. गणपतराव देशमुख नक्की कोण? आम्हाला फक्त "अकरा वेळा आमदार" एवढंच माहितीय.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाचे आमदार, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप). मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, शिक्षणाने वकील, वकिलीसाठी सांगोल्यात आले आणि मग तिथलेच झाले. पक्षात "भाई", तालुक्यात "आबासाहेब". १९६२ ला पहिल्यांदा विधानसभेत गेले, २०१९ ला स्वतःहून थांबले, ३० जुलै २०२१ ला सोलापुरात वारले तेव्हा वय नव्वदीच्या पुढे होतं. सगळ्या निवडणुका एकच पक्ष, एकच मतदारसंघ. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती आधी "एकच पक्ष?" असं विचारतात, अकराचा आकडा त्यांना नंतर आठवतो.

२. अकरा वेळा म्हणजे कोणकोणत्या साली?

१९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजून घ्या, अकरा भरतात. गडबड होते ती १९७४ मुळे, कारण त्या साली राज्यात विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक नव्हतीच, ती पोटनिवडणूक होती. लोक ती धरत नाहीत आणि मग दहावर येऊन अडकतात.

३. ते कधी हरलेच नाहीत असं ऐकलंय, खरंय का?

नाही, दोनदा हरले. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून, ते आमदार असतानाच वारले म्हणून वर सांगितलेली १९७४ ची पोटनिवडणूक झाली. दुसऱ्यांदा १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून, फक्त १९२ मतांनी. हो, तेच शहाजीबापू, "काय झाडी, काय डोंगार" वाले. बाहेरच्या लोकांना बापू २०२२ ला कळले, सांगोल्यात मात्र देशमुख विरुद्ध बापू ही लढत तिथल्या लोकांनी इतक्या वेळा बघितलीय की त्यांना त्यात नवल राहिलेलं नाही.

१९२ मतं म्हणजे किती ते आठवायचं असेल तर एक मोठं लग्न डोळ्यासमोर आणा. त्यातली एक पंगत.

४. ५४ वर्षं आमदार होते की ५० ? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

साधी वजाबाकी करा. १९६२ ते २०१९ होतात ५७ वर्षं. त्यातून १९७२ ते ७४ ची दोनेक वर्षं काढा, १९९५ ते ९९ ची साडेचारच्या आसपास काढा, उरतात पन्नासच्या आसपास. प्रत्यक्ष सभागृहात बसलेली वर्षं एवढी. चोपन्न, पंचावन्न म्हणणारे लोक बहुतेक एकच पराभव वजा करतात. परीक्षेत आकडा लिहायचा असेल तर "११ वेळा निवड" लिहा, त्यावर वाद होत नाही.

५. मग हा देशातला विक्रम आहे ना? करुणानिधींचा विक्रम मोडला म्हणतात.

इथे थोडं मन घट्ट करा. महाराष्ट्रात एकाच मतदारसंघातून इतक्या वेळा निवडून आलेला दुसरा कुणी नाही, ही गोष्ट खरी. पण देशातला विक्रम म्हणाल तर नाही. करुणानिधी १९५७ ते २०१६ मध्ये १३ वेळा निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत, फक्त त्यांनी मतदारसंघ बदलले. "ठीक आहे, पण एकाच मतदारसंघातून तरी?" असं विचाराल तर केरळचे के. एम. मणी आहेत, पाला मतदारसंघ, तिथून १३ वेळा. आता मणींची पहिली निवडणूक १९६५ ची आणि ती विधानसभा कधी भरलीच नाही, म्हणून ती वजा केली तरी बारा राहतात. २०१४ च्या निकालानंतर आपल्याकडे "देशात पहिले" असे मेसेज फिरले ते अजून फिरतायत. मला स्वतःला यात आबासाहेबांचं काही कमी होतंय असं वाटत नाही, चुकीचा विक्रम चिकटवून कुणी मोठा होत नसतो.

६. ते खासदार नव्हते, मग "संसदपटू" का म्हणतात?

मराठीत संसदपटू हा शब्द विधिमंडळात उत्तम काम करणाऱ्यालाही लावतात. कॉमनवेल्थ पार्लमेंटरी असोसिएशनची महाराष्ट्र शाखा आमदारांनाच "उत्कृष्ट संसदपटू" पुरस्कार देते, त्यामुळे यात चूक काही नाही. आबासाहेब लोकसभेत, राज्यसभेत किंवा विधान परिषदेत कधीच नव्हते. दोनदा पडल्यावर मागच्या दाराने परिषदेत जायचा रस्ता असतो, तो त्यांनी धरला नाही, परत सांगोल्यातूनच उभे राहिले.

७. शेकाप म्हणजे नेमका कसला पक्ष? कम्युनिस्ट का?

डावा, पण कम्युनिस्ट पक्षापेक्षा वेगळा. १९४७ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढला, केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे. १९५० चा दाभाडी प्रबंध ही त्यांची वैचारिक भूमिका, मार्क्सवाद मानणारी. झेंडा लाल. एकेकाळी राज्यातला मुख्य विरोधी पक्ष हाच होता, १९६२ मध्ये १५ आमदार, १९६७ मध्ये १९. पण जेधे-मोरे आधीच काँग्रेसमध्ये परत गेले होते, तशी पुढेही एकेक माणसं जात राहिली आणि २०१४ ला तीनच आमदार उरले, सांगोला, अलिबाग आणि पेण. रायगड आणि सांगोला सोडून शेकाप बघायला मिळणं अवघड झालं होतं.

८. आबासाहेब विरोधी पक्षनेते होते का? एवढ्या छोट्या पक्षाचा विरोधी पक्षनेता कसा होतो?

होते, १९७७-७८ मध्ये, थोडे महिने. १९७२ च्या निवडणुकीत शेकापचे फक्त ७ आमदार आले होते आणि तरीही विरोधी पक्षनेतेपद शेकापकडेच होतं, आधी दिनकर पाटील, मग आबासाहेब. आता विरोधी पक्षनेतेपदाचा विषय निघाला की दहा टक्के, म्हणजे २८८ पैकी २९ आमदार, असा हिशोब सगळे सांगतात. तेव्हा समोर काँग्रेसचं एवढं प्रचंड बहुमत होतं की सातवाला सुद्धा मोठा ठरायचा. शेकापला ही खुर्ची नवी नव्हती, आबासाहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांचेच कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. म्हणजे त्यांची शाळाच तिथे झाली असं म्हणा.

९. मंत्री किती वेळा होते?

दोनदा. पहिल्यांदा १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले ते सरकार, फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने बरखास्त केलं. दुसऱ्यांदा १९९९ ला विलासराव देशमुखांच्या लोकशाही आघाडी सरकारात पणन आणि रोजगार हमी. २००२ ला रायगड जिल्हा परिषदेवरून शेकाप आणि राष्ट्रवादीचं फाटलं, शेकापने पाठिंबा काढला, मंत्रिपदं गेली. सरकार मात्र त्या जूनमध्ये विश्वासदर्शक ठराव जिंकून वाचलं. दोन्ही मिळून चार-पाच वर्षं सत्तेत, बाकी सगळा काळ समोरच्या बाकावर नाहीतर बाहेरून पाठिंबा देत. त्यांच्या कामाचं माप मंत्री म्हणून काढायला गेलात तर हाताला फार लागणार नाही, ते पुढच्या दोन प्रश्नांत बघा.

१०. सभागृहात ते नेमकं काय करायचे? "अभ्यासू भाषण" सगळेच म्हणतात, म्हणजे काय?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि सगळ्यात कमी लोक विचारतात.

आधी अडचण समजून घ्या. सभागृहात बोलायला वेळ मिळतो पक्षाच्या संख्येवर. २८८ मध्ये तुमचे तीन जण असतील तर मोठ्या चर्चेत तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात, मग अध्यक्षांची घंटी वाजते. ज्येष्ठ म्हणून अध्यक्ष थोडं सांभाळून घेतात, पण त्याच्यावर कुणाची पन्नास वर्षं निघत नाहीत. म्हणून छोट्या पक्षाच्या आमदाराला हत्यारं माहिती असावी लागतात. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागणारी), औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, पुरवणी मागण्यांवरची (बजेटनंतर मागितलेल्या जादा पैशांवरची) चर्चा, कपात सूचना, नियम २९३ खालचा चर्चेचा प्रस्ताव.

तारांकित प्रश्नाची छापील यादी कधी हातात घेऊन बघा, एक वेगळीच मराठी आहे ती. प्रश्न असा असतो, "अमुक योजनेचे काम निधीअभावी बंद आहे, हे खरे आहे काय?" मग "असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?" आणि शेवटी ठरलेलं, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" त्यावर खात्याचं उत्तर येतं, "हे अंशतः खरे आहे", आणि खाली "प्रश्न उद्भवत नाही". नवीन आमदार हे वाचून चिडतो, ओरडतो, वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो येतो. जुना माणूस "अंशतः" हा शब्द धरतो. अंशतः खरं आहे तर कुठला अंश खरा आहे ते मंत्र्यांनी सांगावं. हा उपप्रश्न. याला उत्तर द्यायला मंत्र्याला फाईल वाचलेली असावी लागते, नाहीतर मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी येईपर्यंत थांबावं लागतं.

आबासाहेबांची ताकद या जातीची. आवाज चढवून बोलणारा माणूस नाही, कामकाज बंद पाडणं हा त्यांचा मार्ग नाही, अर्थसंकल्पात पाटबंधाऱ्याला किती धरले, गेल्या वर्षी किती धरले होते आणि त्यातले खर्च किती झाले, ही वजाबाकी करायची आणि सरळ समोर ठेवायची. खेड्यातला वकील दिवाणी दाव्यात सातबारा वाचतो तसं बजेट वाचायचं. ते उभे राहिले की सभागृह शांत व्हायचं असं त्यांच्या विरोधातल्या लोकांनी पण सांगितलंय, २०१२ ला विधिमंडळातल्या पन्नास वर्षांबद्दल गौरव झाला त्यात सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही होते.

११. त्यांचा सगळ्यात मोठा विषय कुठला?

पाणी. दुसरं काहीही सांगितलं तरी शेवटी पाणीच.

सांगोला माणदेशात येतो, पर्जन्यछायेचा पट्टा, माण नदी बरेच महिने वाळूच दाखवते. कृष्णेचं पाणी आणायचं तर उचलूनच आणावं लागतं. आता यात एक तारीख महत्त्वाची आहे जी फार कमी लोक लक्षात ठेवतात. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) महाराष्ट्राला दिले होते आणि त्या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. म्हणजे त्याआधी आपलं पाणी आपण अडवून दाखवायचं होतं. नव्वदच्या दशकात जी घाई दिसते, १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ, टेंभू उपसा योजनेची सुरुवात, ती या तारखेमुळे.

पण धरणं बांधली की पाणी आपोआप दुष्काळी भागात जातं असं नसतं, ते आधी उसाला जातं. इथे आटपाडीची पाणी परिषद येते. सातारा, सांगली, सोलापूर मधले १३ दुष्काळी तालुके, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब, मागणी एकच, समन्यायी पाणीवाटप. म्हणजे नदीकाठच्याला जेवढा हक्क तेवढाच माळावरच्याला. बाहेर परिषद आणि मोर्चा, आत लक्षवेधी आणि पुरवणी मागण्या, असं दोन्हीकडून लावून धरलं. टेंभू, म्हैसाळ, निरा उजवा कालवा ही नावं त्यांच्या तोंडात वर्षानुवर्षं होती. तोच विषय परत परत मांडला म्हणून कंटाळलेले मंत्रीही असतील, पण एका मंत्र्याला कंटाळा येईपर्यंत पुढचा मंत्री येतो आणि त्याला परत पहिल्यापासून उत्तर द्यावं लागतं. मला विचाराल तर त्यांची सगळी पद्धत या एका गोष्टीत आली.

१२. रोजगार हमीचा आणि त्यांचा काय संबंध? ती तर वि. स. पागेंची योजना ना?

हो, योजना पागेंच्या विचारातून आली. १९७२ च्या दुष्काळानंतर वाढली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. १९९९ नंतर आबासाहेब त्या खात्याचे मंत्री झाले हा थेट संबंध. आणि दुसरा असा की त्यांचा तालुकाच त्या योजनेवर जगलेला, खडी फोडायला गेलेली माणसं त्यांच्या सभेला समोर बसायची. एक गंमत सांगतो, तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर जातो ना, तो कर १९७५ ला आला तो याच योजनेसाठी. आयटी पार्कमधल्या लोकांना हे सांगितलं की ते स्लिप उघडून बघतात.

१३. ते खरंच एसटीने फिरायचे? की व्हॉट्सअॅपचं कौतुक?

खरंच फिरायचे. एसटीत आमदार-खासदारांसाठी एक सीट राखीव असते, वर पाटी लावलेली असते आणि बहुतेक वेळा तिथे कुणीतरी पिशवी मांडीवर घेऊन झोपलेलं असतं. ती पाटी ज्यांच्यासाठी लावली ते खरंच तिथे बसलेत असं बघायला मिळायचं ते यांच्यामुळे. मुंबईला अधिवेशनात मुक्काम आमदार निवासात. पण साधेपणावर एवढं लिहिलं जातं की १० आणि ११ नंबरचं काम बाजूला पडतं, याचा मला राग येतो. एसटीने फिरणारे लाखो लोक आहेत.

१४. सगळ्यात ज्येष्ठ आमदार म्हणून हंगामी अध्यक्ष तेच व्हायला हवे होते ना? २०१४ ला का नाही?

संकेत आहे, सक्ती नाही. हंगामी अध्यक्ष राज्यपाल नेमतात, काम एवढंच की नव्या आमदारांना शपथ द्यायची आणि अध्यक्षाची निवड होईपर्यंत सभागृह चालवायचं. २०१४ ला अकराव्यांदा आलेले आबासाहेब सभागृहात असूनही हंगामी अध्यक्ष झाले कळवणचे जिवा पांडू गावित, माकपचे. एमपीएससीवाल्यांनो, "सर्वात ज्येष्ठ सदस्यच होतो" असं वाक्य पर्यायात दिसलं तर "च" वर लक्ष ठेवा.

१५. त्यांनी किती मुख्यमंत्री पाहिले?

आत बसून यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंत. १९६२ मध्ये आबासाहेब निवडून आले तेव्हा विधानसभा काळा घोड्याजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची, नरिमन पॉइंटचं विधान भवन १९८१ चं. मधल्या काळातले मनोहर जोशी आणि नारायण राणे हे दोनच मुख्यमंत्री असे की ज्यांच्या समोर ते आमदार म्हणून उभे राहिले नाहीत, कारण १९९५ ते ९९ ते बाहेर होते. त्या १९२ मतांमुळे (३ बघा).

१६. पन्नास वर्षं आमदार, तरी तालुका दुष्काळी तो दुष्काळीच. मग उपयोग काय?

हा प्रश्न चिडून येतो, आणि बहुतेक वेळा शेजारच्या साखर पट्ट्यातून येतो. पण टाळण्यासारखा नाही.

पाऊस आमदार पाडत नाही, हे पहिलं. उपसा योजनेला राज्याचा पैसा लागतो, वीज लागते, वीजबिल थकलं की पंप बंद, आणि यातलं काहीही विरोधी बाकावरच्या माणसाच्या हातात नसतं. हातात होतं तेवढं केलं का? कापूस पिकत नाही त्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली, राज्यात गिरण्या बंद पडत होत्या तेव्हा. माळावर डाळिंब आलं ते शेतकऱ्यांच्या कष्टानेच, पण पाण्याचा थेंब मोजायची सवय त्या तालुक्याला लागली त्यात या राजकारणाचा वाटा आहे असं मी मानतो.

दुसरी बाजू पण लिहितो. सत्तेत राहून निधी ओढून आणण्यात जे तालुके पुढे गेले त्यांच्या तुलनेत सांगोल्याला फार थांबावं लागलं, पाणी यायला एक पिढी गेली. आणि तालुक्याबाहेर पक्ष वाढला नाही, पक्ष म्हणजेच आबासाहेब असं झालं. ही टीका त्यांच्यावर प्रेम करणारे लोकही करतात, हळू आवाजात.

१७. आता सांगोल्यात कोण? घराणेशाहीच झाली ना शेवटी?

२०१९ ला आबासाहेब वयामुळे थांबले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले. २०२४ ला घरातलेच डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून उभे राहिले आणि बापूंना हरवून आले, त्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच. घराणेशाही म्हणायची तर म्हणा, मी नाही म्हणणार नाही. फक्त एवढं की पन्नास वर्षांत आबासाहेबांनी स्वतः उभे राहत असताना घरातल्या कुणासाठी दुसरं तिकीट मागितलं नव्हतं.

१८. त्यांची भाषणं वाचायला कुठे मिळतील? यूट्यूबवर दोन-तीन मिनिटांचे तुकडे आहेत फक्त.

विधानसभेच्या कार्यवाहीत. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द प्रतिवेदक लिहून घेतात, ते आळीपाळीने थोडा थोडा वेळ बसतात, त्यामुळे एकच भाषण दोन-तीन जणांच्या हाताखालून गेलेलं असतं. आधी जी प्रत निघते तिच्यावर "असुधारित प्रत" असा शिक्का असतो, ती उद्धृत करू नका, छापील खंड धरा. जुने खंड विधिमंडळाच्या ग्रंथालयात आहेत, काही विधिमंडळाच्या वेबसाईटवर पण आहेत. शोधताना नुसतं "देशमुख" टाकलंत तर विलासराव, अनिल, सगळे देशमुख अंगावर येतील, म्हणून आधी अधिवेशनाचं साल ठरवा (साल २ नंबरमध्ये आहेत), मग पाटबंधारे विभागाच्या मागण्यांचा दिवस काढा. तिथे ते बहुतेक सापडतातच. मधे मधे कंसात "अडथळा" असं छापलेलं दिसेल, त्यांच्या भाषणात ते कमी दिसतं, आणि कंसातलं "घंटा वाजविण्यात आली" मात्र शेवटाला हमखास.